मधल्या आवाजाची कुळकथा

घरी चित्रपट पाहण्यासाठी पाच-सात स्पीकर आणि त्यांना चालविणारा रिसीव्हर घेणारी कुटुंबे आता आपल्याही गावात दिसतात. त्यांची तक्रार बहुधा एकच असते : मोटार उलटली की भिंती हादरतात, पण माणसे काय बोलतात ते कळत नाही. आम्ही यंत्रशास्त्राचे पदवीधर नव्हे. द्वारसभा घेण्यात आमची उमर गेली. पण द्वारसभेतही हेच दिसते. दोन बाजूंना दोन कर्णे बांधले की डाव्या कर्ण्याखालच्या कामगाराला भाषण डावीकडून ऐकू येते. मध्ये उभा असलेला पुढारी त्याच्या दृष्टीने नुसते ओठ हलवीत असतो.

बोलपटांच्या आरंभी पडद्याचा आवाज एकाच जागेवरून येई. नट चालत दुसऱ्या टोकाला गेला तरी त्याचा शब्द मूळ जागीच राही. लंडनच्या अॅलन ब्लमलीन ह्या इंजिनिअरला हे खटकले आणि डिसेंबर १९३१ मध्ये त्याने दोन वाटांनी ध्वनी नेण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे १९४२ साली रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळून तो गेला.

परंतु दोन वाटा पुरतात काय, हा प्रश्न अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने धसाला लावला. २७ एप्रिल १९३३ रोजी वाद्यवृंद वाजत होता फिलाडेल्फियात आणि श्रोते बसले होते दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, वॉशिंग्टनच्या सभागृहात. तीन मायक्रोफोन, टेलिफोनच्या तीन वाटा, तीन स्पीकर. प्रमुख संचालक स्टोकोव्स्की वादकांसमोर नव्हताच. तो वॉशिंग्टनला बसून आवाजाच्या कळा फिरवीत होता. त्या प्रयोगांतला आमच्या आवडीचा भाग संगीताचा नव्हे. रंगमंचाच्या एका टोकाला एक कारागीर हातोडी-करवतीने पेटी तयार करीत होता आणि दुसऱ्या टोकावरून त्याचा सोबती त्याला सूचना देत होता. ऐकणाऱ्यांना दोघेही आपापल्या जागी उभे असल्यासारखे वाटले.

ह्याच प्रयोगशाळेतील स्टाइनबर्ग आणि स्नो ह्यांनी दोन आणि तीन स्पीकरांची तुलना करून पाहिली. दोनच असले तर मधोमध बसलेल्याला आवाज मध्ये भासतो; तोच कडेला सरकला की मधला आवाज त्याच्याबरोबर कडेला सरकतो. कारण जवळच्या स्पीकरचा ध्वनी आधी पोचतो. एक मीटरचे अंतर म्हणजे सेकंदाच्या तीन सहस्रांशाचा फरक, पण कानाला तेवढा पुरतो. मध्ये तिसरा स्पीकर ठेवला की कडेच्या खुर्चीलाही शब्द पडद्यावरूनच येतो. म्हणजे मधला स्पीकर हा कडेला बसणाऱ्यांचा आहे, असे आम्ही समजतो.

चित्रपटगृहांनी हा धडा सोडला नाही. १९४० च्या ‘फँटासिया’ला पडद्यामागे तीन वाटा होत्या. (त्याच स्टुडिओत १९४१ साली चित्रकारांचा संप झाला, तो निराळ्या व्याख्यानाचा विषय.) आपल्याकडे १९७५ साली ‘शोले’ सत्तर मिलिमीटरच्या फितीवर सहा वाटांनी वाजला.

घरी मात्र दोनच स्पीकर आले. कान दोन म्हणून स्पीकर दोन, असे दुकानदार सांगतात. खरे कारण तबकडीत आहे. १९५८ पासून बाजारात आलेल्या स्टीरिओ तबकडीच्या खाचेला भिंती दोन, म्हणून वाटाही दोन. १९७५ च्या सुमारास डॉल्बी कंपनीने फितीवरच्या दोन वाटांत चार आवाज गुंडाळण्याची युक्ती काढली : मधला आवाज दोन्हींत सारखा, मागचा दोन्हींत परस्परविरुद्ध. १९८२ मध्ये ही युक्ती घरगुती यंत्रांत आली, तेव्हा मागचा आवाज सोडविला गेला आणि मधला तसाच राहिला. गंमत दिली, शब्द राखून ठेवला! प्रो लॉजिक ह्या नावाने मधला आवाज वेगळा होऊन घरात यायला १९८७ साल उजाडावे लागले.

आता त्या तक्रारीकडे. रिसीव्हरमध्ये चाचणीचा सरसर आवाज एकेका स्पीकरमधून सोडण्याची सोय असते. तेव्हा मधला गप्प राहिला तर तार पाहावी, आणि ‘मधला स्पीकर नाही’ अशी नोंद यंत्रात चुकून राहिली आहे काय तेही पाहावे. चाचणीत बोलतो पण चित्रपटात गप्प, असे असेल तर बहुधा टीव्हीच दोन वाटांचा आवाज पाठवीत असतो. त्याच्या ध्वनीच्या नोंदी बदलाव्या. आवाज पोकळ वाटला तर एखाद्या स्पीकरची लाल-काळी तार उलट जोडलेली असते. सारे ठीक असूनही शब्द बुडत असतील तर सगळाच आवाज न वाढविता मधल्यालाच दोन-तीन डेसिबल वर घ्यावे. त्याला कपाटात खोल कोंबू नये. फळीच्या काठाशी आणून तोंड कानाकडे करावे.

विकत घेताना पैसे थोडे असतील तर आधी पुढचे तीन, एकाच मालिकेचे. मागचे पुढच्या दिवाळीला. घरात एकटाच माणूस मधोमध बसून ऐकणारा असेल तर दोन चांगले स्पीकरही पुरतात. वॉटांचा आकडा सर्व स्पीकर एकदम चालवून मोजला आहे की दोनच, हे विचारावे. उत्पादनवाढीच्या आकड्यांप्रमाणे ह्यातही बरीच हातचलाखी चालते. आणि दुकानात ते तुम्हाला मधल्या खुर्चीवर बसवतील, तेव्हा उठून भिंतीकडच्या खुर्चीवर जावे आणि मारामारीऐवजी दोन माणसे हळू बोलत असल्याचा प्रसंग लावायला सांगावा.