किर्लोस्करांचं पहिलं फंडिंग कुणी दिलं?

आपल्या तालुक्यातली इंजिनिअरिंग केलेली पोरं भेटली की हल्ली एकच विषय असतो, स्टार्टअप. इन्क्युबेटर, ॲक्सिलरेटर, सीड फंड हे शब्द आता कन्नडच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. चांगलंच आहे. पण हे सगळं काल-परवा सुरू झालं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी आजची पोस्ट. थोडी लांब आहे, वेळ काढून वाचा.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे बेळगावकडचे, जन्म १८६९ चा. चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. मध्ये गेले, तर डोळ्यांत रंग ओळखण्याचा दोष निघाला. मग व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा नोकरीच सोडली. भाऊ रामूअण्णांसोबत बेळगावात सायकलींचा धंदा १८८८ पासून होताच. तिथून ते वळले कडबा कापायच्या यंत्राकडे आणि मग लोखंडी नांगराकडे.

आता खरी गोष्ट. तो पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली! लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत. माल तयार, गिऱ्हाईक नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्ट होतं, मार्केट नव्हतं. नांगर कुठे चालायला लागला, तर नवी वस्ती वसवायची म्हणून बेळगाव नगरपालिकेने जागा खाली करायला सांगितलं.

अशा वेळी मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. १९०९ मध्ये गादीवर बसलेले, संस्थान छोटंसं. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर जागा देऊ केली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. जागा म्हणजे निवडुंग आणि सापांचा माळ. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली, १९२० मध्ये कंपनी लिमिटेड झाली.

सगळे त्या दहा हजारांबद्दल बोलतात. मला स्टेशन जास्त महत्त्वाचं वाटतं. नांगराला लोखंड बाहेरून यायचं आणि तयार नांगर लांब जायचे. रूळ नसते तर त्या माळावर राजाचे पैसे किती दिवस पुरले असते? (आपल्याकडे रेल्वे नाही. चाळीसगाव गाठायचं तर मध्ये औट्रम घाट, आणि त्यात २०२३ पासून जड वाहनांना बंदी. असो, तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे.)

आज राजा नाही, योजना आहेत. छत्रपती संभाजीनगरला सीएमआयए या उद्योजकांच्या संघटनेने २०१६ मध्ये 'मॅजिक' हे इन्क्युबेशन केंद्र सुरू केलं. केंद्राची सीड फंड योजना २०२१ ची, ९४५ कोटींची. त्यात इन्क्युबेटरमार्फत नमुना बनवायला आणि चाचण्यांना २० लाखांपर्यंत अनुदान, आणि पुढे बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत रक्कम कर्ज किंवा परिवर्तनीय रोख्यांच्या रूपात मिळू शकते. पण अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि अनुदानाचे हप्ते ठरलेले टप्पे गाठाल तसे मिळतात.

दोन वर्षं! लक्ष्मणरावांना तेवढा वेळ एक नांगर खपायलाच लागला होता. म्हणजे आजच्या नियमात कंपनी नोंदवून मग गिऱ्हाईक शोधत बसले असते, तर अर्जाची मुदत तिथेच संपली असती. म्हणून पोरांनो, कंपनी नोंदवायची घाई करू नका. आधी दहा शेतकऱ्यांच्या वावरात यंत्र चालवून दाखवा, मग कागद करा. घरच्यांनी जमीन गहाण टाकून दिलेला पैसा पॉलिश केलेल्या पिचवर उडवू नका.

आणि आपण बाकीचे? गावातल्या पोराने अद्रक धुवायचं किंवा मका सोलायचं यंत्र केलं, तर आपण पहिला प्रश्न विचारतो, "कंपनीचं आहे का?" लोखंडाने जमीन बिघडते म्हणणारे आपलेच पणजोबा होते राव.

माझी बाजार समितीकडे एक साधी मागणी आहे. आवारात एक शेड आणि विजेचं कनेक्शन, महिन्यातून एक दिवस, तालुक्यातल्या पोरांना यंत्रं चालवून दाखवायला मोफत द्या. खर्च फार नाही. संचालक मंडळापैकी कुणी ही पोस्ट वाचत असेल तर पुढच्या बैठकीत विषय घ्या. आणि ज्यांच्याकडे तयार यंत्र आहे त्यांनी खाली कमेंटमध्ये गावाचं नाव टाका, मी यादी करून बाजार समितीत नेऊन देतो.