कॉपी, पहारा आणि तोंडी प्रश्न

कॉपी हा विषय निघाला की आमच्या पिढीला आठवतात त्या खिडकीतून आत येणाऱ्या चिठ्ठ्या, बाकावर पेन्सिलीने कोरलेली सूत्रे आणि भरारी पथकाची जीप. आता खिडकीही नाही आणि बाकही नाही. परीक्षाच घरात आली आहे. आपल्या सीमाभागातील मुले घरबसल्या ऑनलाइन अभ्यासक्रम करतात आणि त्यांची प्रमाणपत्रे नोकरीच्या अर्जाला जोडतात. पालक मला विचारतात, "सर, ज्या परीक्षेला कोणी पाहायला नाही, तिला किंमत काय?" प्रश्न रास्त आहे. मी इतिहासाचा शिक्षक असल्याने उत्तर मागे जाऊन शोधतो. कारण गुरू एका गावी आणि शिष्य दुसऱ्या गावी, ही गोष्ट काही इंटरनेटने जन्माला घातलेली नाही.

इंग्लंडमध्ये १८४० साली एक पेनीत पत्र पोहोचवणारी टपालसेवा सुरू झाली आणि आयझॅक पिटमन यांनी तिच्या आधारे लघुलेखन शिकवायला प्रारंभ केला. विद्यार्थ्याने उतारा लघुलिपीत लिहून टपालाने पाठवायचा, पिटमनने तो तपासून परत करायचा. यात फसवणुकीला वाव भरपूर होता, पण कारण नव्हते. लघुलेखन हातात बसले की नोकरी मिळे. दुसऱ्याकडून उतारा लिहून घेणारा स्वतःचेच टपाल हशील वाया घालवी.

पुढे १८५८ मध्ये लंडन विद्यापीठाने आपल्या पदवी परीक्षा कॉलेजात न जाणाऱ्यांसाठीही खुल्या केल्या. कुठेही शिका, परीक्षा आमची द्या, अशी ही योजना. १८६५ मध्ये तर ही परीक्षा समुद्रापार मॉरिशसमध्ये घेण्यात आली. येथे पदवीचा कागद आला आणि त्यामागोमाग पहाराही आला. अभ्यास घरी, परीक्षा मात्र पर्यवेक्षकाच्या डोळ्यांसमोर, ही वाटणी दीडशे वर्षे टिकली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभे राहिले. नोकरी आणि शेती सांभाळून माणसे पदवीधर झाली, पण पेपर लिहायला केंद्रावरच गेली.

ही वाटणी मोडली ती २०११-१२ च्या सुमारास. अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या दोन अध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग इंटरनेटवर विनामूल्य उघडला आणि सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावे नोंदवली. पाठोपाठ कोर्सेरा आणि एडएक्स आले. एवढ्यांचे पेपर तपासणार कोण? मग कोर्सेराच्या मानव्यविद्यांच्या वर्गांत विद्यार्थ्यांनीच एकमेकांचे निबंध तपासावेत असे ठरले. ऑगस्ट २०१२ मध्ये त्या तपासणाऱ्यांनीच तक्रार केली, की काही निबंध विकिपीडियावरून जसेच्या तसे उतरवलेले आहेत. गंमत अशी की या अभ्यासक्रमांना विद्यापीठाची पदवी जोडलेली नव्हती, तरीही चोरी झाली. त्यावर संस्थेने निबंध सादर करताना "हे लेखन माझेच आहे" अशी कबुली घेण्यास सुरुवात केली.

यापेक्षा हुशार युक्ती २०१५ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीच्या संशोधकांनी उजेडात आणली. एकच माणूस दोन नावांनी वर्गात शिरतो. पहिल्या नावाने वाटेल ती उत्तरे ठोकतो, चुकली की यंत्र बरोबर उत्तर दाखवते. तेच उत्तर तो दुसऱ्या, खऱ्या नावाने भरतो. ६९ अभ्यासक्रमांतील सुमारे १.३ टक्के प्रमाणपत्रे अशी मिळवलेली दिसली. प्रमाण लहान वाटेल. पण ज्यांनी वीस किंवा अधिक प्रमाणपत्रे गोळा केली होती, त्यांच्यात ही युक्ती वापरणारे चारात एक निघाले! यावर त्यांनी सुचवलेले उपाय कोणत्याही जुन्या मास्तरांना पटतील: उत्तरे मुदत संपल्यावरच दाखवा आणि प्रत्येकाला गणितातील आकडे वेगळे द्या.

आपल्या देशातील एनपीटीईएल या उपक्रमाने, म्हणजे आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीच्या अभ्यासक्रमांनी, लंडनचीच जुनी वाट धरली. दर आठवड्याचा स्वाध्याय घरून करायचा, त्याला साधारण २५ टक्के वजन. उरलेले ७५ टक्के केंद्रावर ओळखपत्र दाखवून दिलेल्या परीक्षेला. या प्रमाणपत्राला जो मान आहे तो या ७५ टक्क्यांमुळे, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

२०२० च्या टाळेबंदीत मात्र केंद्रेही बंद झाली. मग पर्यवेक्षकाची जागा कॅमेऱ्याने घेतली. मान वळली, मागून कोणी गेले, की संशयाची नोंद. एका खोलीत पाच माणसे राहणाऱ्या घरातील मुलाने काय करावे? अमेरिकेतील क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाने परीक्षेपूर्वी विद्यार्थ्याला त्याची खोली कॅमेऱ्यासमोर फिरवून दाखवायला लावली. २०२२ मध्ये तेथील संघराज्य न्यायालयाने ही घटनाबाह्य झडती ठरवली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात चॅटजीपीटी अवतरले आणि उतरवून घेण्यासाठी मूळ पुस्तकाचीही गरज उरली नाही. यंत्राने लिहिलेले ओळखणारी यंत्रे बाजारात आली. पण चॅटजीपीटीच्या निर्मात्यांनी स्वतःचे असे साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात ओळखयंत्रांना इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी लिहिलेले ९१ निबंध दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्रकृत ठरवले गेले! कारण साधे आहे. परक्या भाषेत लिहिणारा मोजके शब्द आणि ठरावीक वाक्यरचना वापरतो, आणि यंत्राला तेच संशयास्पद वाटते.

मराठी घरात, कन्नड बाजारात आणि इंग्रजी वर्गात वावरणाऱ्या आपल्या मुलांचे इंग्रजी नेमके असेच असते. प्रामाणिकपणे लिहूनही चोर ठरण्याची पाळी त्यांच्यावर अधिक येणार. उलट आपल्याकडे एक पळवाटही आहे. कन्नड गाईडातील उत्तर मराठीत आणले किंवा मराठी लेख इंग्रजीत केला, की शब्दाला शब्द जुळवणारे यंत्र फसते. परंतु भाषा बदलली म्हणून विचाराचा मालक बदलत नाही. भाषांतर करावे, जरूर करावे, दुभाषी मुलाखतीरिक्त ते कोण करणार? फक्त मूळ लेखकाचे नाव खाली लिहावे. ही सवय सातवी-आठवीतच लागली पाहिजे.

मग उपाय काय? माझ्या मते तो यंत्रापेक्षा शिक्षकाजवळ अधिक आहे. आमच्या शाळेत घरून आणलेल्या प्रकल्पाचे कच्चे कागदही आम्ही मागतो आणि मग मुलाला समोर उभे करून तीन तोंडी प्रश्न विचारतो: हे तुला कुठे मिळाले, हा शब्द का वापरलास, आणि यातले तुला काय पटले नाही? ज्याने लिहिले आहे तो अडखळत का होईना, मराठीत, कन्नडात, कोणत्याही भाषेत उत्तर देतो. ज्याने उतरवले आहे तो गप्प बसतो. ऑनलाइन शिकवणाऱ्यांनाही पाच मिनिटांची अशी भेट पडद्यावर घेता येते. विषयही आपल्या परिसरातले द्यावेत. गावच्या विहिरीचे पाणी कोणत्या वर्षी आटले, हे आजोबांना विचारूनच लिहावे लागते.

पालकांनी मात्र "किती प्रमाणपत्रे झाली?" असे विचारणे सोडावे. संध्याकाळी जेवताना "आज काय शिकलास, मला सांग" एवढे विचारावे. पिटमनच्या विद्यार्थ्यांवर कोणाचाही पहारा नव्हता. तरी ते शिकले, कारण त्यांना ती विद्या हवी होती. आपल्या मुलालाही ती हवीशी वाटली, तर कॅमेऱ्याचे निम्मे काम तेथेच संपते.