खारिस

अथेन्समधला दुकानदार पैसे हातात पडले की 'एफखारिस्तो' म्हणतो, म्हणजे आभारी आहे. या शब्दाच्या पोटात 'खारिस' हा जुना ग्रीक शब्द आहे. मोठा ऐसपैस शब्द: कृपा, भेट, आणि भेटीबद्दलची कृतज्ञतासुद्धा.

संत पौलाने हा ऐसपैसपणा पुरेपूर वापरला. जेरुसलेमच्या गरीब ख्रिस्ती बांधवांसाठी वर्गणी चालू होती. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींनी हो म्हटलं होतं, पण काम रेंगाळलेलं. त्यांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ८ व ९ या अध्यायांत 'खारिस' १० वेळा येतो. देवाची कृपा खारिस, वर्गणीही खारिस, शेवटी देवाचे आभार, तेही खारिस! हा माझा हुकूम नव्हे, असंही तो बजावतो. पण मासेदोनियाच्या गरीब मंडळ्यांनी ऐपतीबाहेर दिलं, हे ऐकवायला चुकत नाही. वर्गणी मागणाऱ्यांनी पौलाची शिकवणी लावावी.

दान म्हटलं की आठवणारी इंग्रजी 'चॅरिटी' मात्र खारिसच्या गोत्रातली नाही. ती लॅटिन 'कारुस'ची, म्हणजे प्रिय आणि महागही. खारिसच्या घरातला शब्द 'युकॅरिस्ट', भाकर-द्राक्षारसाच्या ख्रिस्ती विधीचं नाव. दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रोममधल्या या विधीचं वर्णन केलंय. त्या वेळी सधन लोक स्वखुशीने पैसे देत. ते अनाथ, विधवा, आजारी आणि कैद्यांसाठी खर्च होत.