म्हसे, जीव्या सोमा

(१९३४–२०१८). वारली चित्रकलेला घराच्या भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणणारे महाराष्ट्रातील चित्रकार. मुक्काम गंजाड, ता. डहाणू, जि. पालघर. लहानपणी आई गेली आणि त्या धक्क्याने त्यांची वाचाच बसली. मग धुळीत रेघोट्या ओढून ते मनातले सांगत.

वारली जमातीच्या लग्नघरात पालघट देवीचा चौक, म्हणजे भिंतीवरचे चौकोनी चित्र, सवाशिणी लिहीत. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक ठेचलेली बांबूची काडी, एवढेच साहित्य. म्हसे पुरुष असूनही या कामात उतरले आणि लग्नकार्य नसतानाही रोज चित्रे काढू लागले. दोन त्रिकोण टोकाला टोक जुळवून त्यांनी उभी केलेली माणसे नाचतात, पेरणी करतात, तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवती फेर धरतात. मासेमारीच्या चित्रांत तर जाळ्याचा धागान् धागा बारीक रेषांनी विणलेला दिसतो.

१९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी त्यांचे काम शहरी रसिकांपुढे आणले. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘माजिसियँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती.

सदाशिव आणि बाळू हे त्यांचे मुलगेही वारली चित्रकार आहेत.