कॉन्फिगर स्क्रिप्ट

कॉन्फिगर स्क्रिप्ट ही सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कंपाइल करण्यापूर्वी चालवली जाणारी शेल स्क्रिप्ट आहे. युनिक्ससदृश संचालन प्रणालींमधील फरक ओळखून त्यांनुसार मेकफाइल तयार करणे हे तिचे मुख्य कार्य होय.

इतिहास

अशा स्क्रिप्ट आपोआप तयार करणाऱ्या ऑटोकॉन्फ या साधनाचे काम डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ साली सुरू केले. ते ग्नू प्रकल्पाचा भाग असून एम४ या मॅक्रो भाषेवर आधारित आहे.

कार्यपद्धती

स्क्रिप्ट सी भाषेतील लहान प्रोग्रॅम कंपाइल करून आवश्यक फंक्शन, हेडर फाइल व लायब्ररी उपलब्ध आहेत का, हे तपासते. या चाचण्यांमधील आज्ञा आणि कंपायलरचे संदेश 'कॉन्फिग.लॉग' या फाइलमध्ये नोंदवले जातात.

सामान्य त्रुटी व निवारण

पडद्यावरील संदेश त्रोटक असल्याने मूळ कारण लॉगमध्ये शोधावे लागते. लॉगच्या अखेरीस चलांची लांबलचक यादी असते. खरी त्रुटी बहुधा तिच्या आधी आढळते.

* प्रणाली न ओळखणे: जुनी 'कॉन्फिग.गेस' फाइल ६४-बिट आर्मसारखे नंतरचे प्रोसेसर ओळखत नाही. ती व 'कॉन्फिग.सब' या दोन्ही फाइल अद्ययावत कराव्या लागतात.
* ओळींचा शेवट: विंडोज पद्धतीच्या ओळींच्या शेवटी असलेल्या जादा अदृश्य चिन्हामुळे शेलला इंटरप्रिटर सापडत नाही. ओळी युनिक्स पद्धतीच्या केल्यास त्रुटी दूर होते.
* शेलमधील फरक: बॅशची खास वैशिष्ट्ये वापरलेली स्क्रिप्ट डेबियनच्या डॅश शेलमध्ये अडू शकते.
* मेकमधील फरक: ग्नू मेकसाठी लिहिलेली मेकफाइल फ्रीबीएसडीवर 'जीमेक' या आज्ञेने चालवावी लागते.