धामापूरचं तळं आणि आमची देवनदी

पावसाच्या बाबतीत आमचा सिन्नर तालुका सावत्र लेकरासारखा. शेजारच्या इगतपुरीत पावसाळ्यात छत्री मिटायला सवड नसते, शंभर इंचांच्या वर पाऊस कोसळतो. तिथून दीड-दोन तासांवर आमच्या पूर्व भागात वीस इंच पडला तरी माणसं म्हणतात, यंदा बरं झालं. ढग आमच्या डोक्यावरून जातात, पण रिकामे होऊन जातात.

अशा ह्या गावाला एके काळी राजधानी होण्याचा मान मिळाला होता. सेउणचंद्र यादवानं वसवलेलं सेउणपूर म्हणजेच आजचं सिन्नर, असं इतिहासकार मानतात. पुढं पाचव्या भिल्लमानं बाराव्या शतकाच्या शेवटी देवगिरीला राजधानी केली आणि सिन्नर मागं पडलं. मागं राहिलं ते गोंदेश्वराचं काळ्या दगडाचं देऊळ. मधे महादेव आणि चार कोपऱ्यांना चार लहान देवळं, असं पंचायतन. बाहेरून लोक येतात, फोटो काढतात, जातात. मला मात्र तिथं गेलं की एकच गोष्ट सुचते. राजधानी होती म्हणजे माणसं होती, हत्ती-घोडे होते. मग ह्या सगळ्यांना पाणी कुठून मिळत होतं?

उत्तराचा एक धागा आमच्या देवनदीत आहे. ही नदी काही बारमाही नाही. पण जुन्या लोकांनी तिच्यावर जागोजागी दगडी बंधारे घातले आणि बाजूनं पाट काढले. नदीला पाणी आलं की ते बंधाऱ्याला अडायचं, पाटात वळायचं आणि उतारानं आपोआप शेतात जायचं. इंजिन नाही, मोटार नाही, लाईटबिल नाही. ब्रिटिश अमदानीतले हे बंधारे लोणारवाडी, वडगाव ह्या गावांच्या शिवारात आजही दिसतात. वरचेवर पाट साफ करायचा आणि आपली पाळी आली की पाणी धरायचं, एवढंच काम. पुढं विहिरींवर मोटारी आल्या, मग बोअर आले. ज्याच्या त्याच्या वावरात ज्याचं त्याचं पाणी झालं आणि पाटाकडं कुणी बघेना. पाट बुजले, त्यात बाभळी उगवल्या. अलीकडच्या काळात सिन्नरच्या 'युवा मित्र' संस्थेनं आणि गावकऱ्यांनी मिळून त्यातले बरेच पाट पुन्हा मोकळे केले. पाण्यानं ओळखीची वाट लगेच धरली.

हे सगळं डोक्यात असतानाच दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जायचा योग आला. सोयाबीन निघालं होतं, उन्हाळ कांद्याचं रोप टाकून झालं होतं. गाया धाकट्या भावाच्या हवाली केल्या. आमच्या मंडळींनी वयाच्या साठीपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. मुलगा म्हणाला, "बाबा, यंदा आईला समुद्र दाखवू." मुलगा, सूनबाई, दोन नातवंडं आणि आम्ही दोघं पहाटे चारला निघालो. संगमनेर, आळेफाटा, पुणे, सातारा करत कोल्हापूर गाठलं. तिथून राधानगरीच्या वाटेनं फोंडा घाट उतरून कणकवलीला आलो. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हाती घेतलेलं. गाडीतून नातवाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे राजे लोक लढायाच करायचे असं नाही."

वाटेत मुलाचा आणि माझा पाण्यावरूनच विषय निघाला. त्याला आमच्या डाळिंबासाठी शेततळं करायचं होतं. मोठा खड्डा, वर प्लास्टिकचा कागद, आणि पावसाळ्यात विहिरीतून उपसून तो भरून ठेवायचा. मी म्हणालो, "विहिरीचं पाणी म्हणजे सगळ्या शिवाराचं पाणी. आपण उपसलं की खालच्याची विहीर आटते." तो म्हणाला, "गावाच्या पाण्याची वाट पाहत बसलो तर बाग वाळून जाईल. मग कर्ज कोण फेडणार?" त्याचंही खोटं नव्हतं. गाडीत थोडा वेळ कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी तारकर्लीच्या किनाऱ्यावर गेलो. पांढरी वाळू, निवळ पाणी. आमच्या मंडळींनी आधी हात जोडले, मग ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं आणि लगेच थुंकून टाकलं. "अहो, एवढं पाणी, आन् एक घोट कामाचा नाही!" सिन्नरच्या बाईनं समुद्राचं केलेलं हे मोजमाप मला एकदम पटलं.

तिथून होडीनं सिंधुदुर्ग किल्ल्यात गेलो. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी ह्याचा पाया घातला आणि १६६७ साली किल्ला उभा राहिला. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. पण आम्ही शेतकरी माणसं जास्त वेळ थांबलो ते विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तिघींची नावं. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोडं पाणी. तट कितीही रुंद बांधला तरी ह्या तीन बावी नसत्या तर किल्ला आठवडाभरही टिकला नसता. नावं तरी कशी ठेवली बघा. घरात जे जपून वापरायचं, त्याचीच.

तिसऱ्या दिवशी परतीला निघालो. मालवणहून चौके मार्गे कुडाळला जाताना वाटेत धामापूर लागतं. रस्त्याला लागून भगवती देवीचं मंदिर आणि मंदिरामागं तळं. पायऱ्या उतरून खाली गेलो आणि सगळेच गप्प झालो. भोवती गर्द झाडीचे डोंगर आणि मधे हे एवढं पाणी. डोंगरांच्या मधल्या जागेत मातीचा बांध घालून ते अडवलंय. हे तळं निसर्गानं केलेलं नाही, माणसांनी केलेलं आहे.

साल १५३०. विजयनगरचा कृष्णदेवराय जाऊन जेमतेम वर्ष झालेलं. त्याच साली तिकडं आग्र्याला बाबर मेला. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून शंभर वर्षं होती. त्या साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून हा बांध घातला. आज धामापूर आणि काळसे गावांच्या भातशेतीला, माड-पोफळीच्या बागांना ह्याच तळ्याचं पाणी मिळतं. मालवण शहराच्या नळालाही इथलंच पाणी जातं. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगानं ह्या तळ्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान दिला. बाबर गेला, विजयनगर गेलं, पोर्तुगीज गेले, इंग्रज गेले. तळं चालू आहे.

मंदिराजवळ एक म्हातारे भेटले. "खयसून इलात?" म्हणाले. सिन्नर सांगितल्यावर त्यांना नाशिक तेवढं कळलं. मी विचारलं, तळं कुणाच्या मालकीचं? ते हसले. "तळा देवीचा असा, काका."

मग त्यांनी तिथली गोष्ट सांगितली. पूर्वी ज्याच्या घरी लग्न असेल तो तळ्याकाठी परडीत फुलांचे दागिने करून पाण्यात सोडायचा आणि देवीला सांगणं करायचा. परडी बुडायची आणि सोन्याचे दागिने घेऊन वर यायची. लग्न उरकलं की ते दागिने परत पाण्यात सोडायचे. एकानं सोडले नाहीत. तेव्हापासून देवीनं देणं बंद केलं.

सूनबाई म्हणाल्या, अशीच गोष्ट त्यांनी दुसऱ्या एका तळ्याचीही ऐकली आहे. असेल. गोष्ट खरी की खोटी हा सवालच नाही. तळ्याकाठी पाचशे वर्षं ही एकच गोष्ट सांगत राहिले, ह्याला अर्थ आहे. घेतलं ते वेळेत परत करा. एकानं जरी ठेवून घेतलं तरी सगळ्यांचं बंद होईल. पाणीवापराचा ह्याहून सोपा कायदा मी वाचलेला नाही.

मला आमच्या गावचा पाझर तलाव आठवला. १९७२ च्या दुष्काळातला. मी तेव्हा शाळेत होतो. माझी आई त्या बांधावर मातीच्या पाट्या वाहत होती, वडील खडी फोडत होते, आणि आम्ही पोरं सुकडी खाऊन दिवस काढत होतो. गावातल्या प्रत्येक घरचा घाम त्या बांधात आहे. तरी आज गावात कुणालाही विचारा, "तलाव कुणाचा?" उत्तर ठरलेलं, "सरकारचा." गाळ कुणी काढायचा? सरकारनं. बांधावरची झाडं कुणी तोडायची? सरकारनं. धामापूरला बांध घालणारा देसाईही सरकारचाच माणूस होता की! पण लोकांनी तळं त्याच्या नावावर ठेवलं नाही. देवीचं केलं, म्हणजे सगळ्यांचं केलं.

कोकणातला पाऊस दरसाल तळं भरून देतो, आमचा देत नाही, हा फरक मला कळतो. देवीचं नाव दिलं म्हणून सिन्नरला ढग अडणार नाहीत. पण जो काही वीस इंच येतो, तो गाळानं भरलेल्या तलावात मावणार कुठं?

मुलानं पुढं शेततळं केलं. मी अडवलं नाही. बाग त्याची, कर्जही त्याचंच. पण कागदाचं आयुष्य किती असतं हे त्यालाही माहीत आहे. धामापूरच्या पायऱ्यांवर तो बराच वेळ बसला होता, काही बोलला नव्हता. त्यानंतरच्या उन्हाळ्यात गावात तलावाचा गाळ काढायची बोलणी सुरू झाली. डिझेल कोण घालणार ह्यावर दोन बैठका मोडल्या. तिसऱ्या बैठकीत मुलगा उठून म्हणाला, "पहिले दोन दिवस आमचा ट्रॅक्टर." मग आणखी चार जण उठले. चाळीस-पन्नास ट्रॉल्या गाळ आमच्या हलक्या रानात पडला. तलाव पुरता मोकळा झालेला नाही, अर्धा बाकी आहे.

बाकीचा गाळ यंदाच्या उन्हाळ्यात काढायचं ठरलंय. तलावाला पन्नास वर्षं झाली. धामापूरच्या हिशोबानं तो अजून लेकरूच आहे.