बाटलीचं अंगडं

मागच्या महिन्यात एका शनिवारी हमरापूरला गेलो होतो. पनवेल-रोहा मार्गावर पेणच्या आधीचं स्टेशन. गणपतीच्या मूर्तींमुळे हे गाव आणि शेजारचं जोहे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. माझी आत्या तिथे राहते आणि घराजवळच्या कारखान्यात मूर्ती रंगवायला जाते. (कारखाना म्हणजे धुराडंवाला नव्हे. पत्र्याची लांबलचक शेड आणि तिच्यात एकमेकांना खेटून बसलेले शेकडो बाप्पा.)

निघताना तिचं लक्ष माझ्या पाण्याच्या बाटलीकडे गेलं. "अशी उघडीच घेऊन फिरतोस?" म्हणाली आणि कपाटातून एक लोकरीचं कव्हर काढून बाटलीला चढवलं. निळं, मध्येच एक पिवळा पट्टा (निळी लोकर संपली म्हणून), खांद्याला अडकवायला बंद. लहान बाळाला अंगडं घालावं तसं बसलं.

"किती वेळ लागला गं?"

"वेळ कसला, टीव्ही बघता बघता झालं. चार संध्याकाळी."

तेवढ्याच वेळात कारखान्यात किती मिळाले असते, असं विचारलं, तर रुपयापर्यंत अचूक हिशोब सांगितला. वर म्हणाली, "ते काम आहे रे. हे आपलं बसल्या बसल्या."

परतीच्या गाडीत हे 'बसल्या बसल्या' काही डोक्यातून जाईना. मग शनिवार-रविवार त्यातच गेला.

आधी थोडं तंत्राबद्दल, कारण आमच्या धंद्यातल्या माणसाला हा प्रकार आवडायलाच हवा. कव्हरची सुरुवात बुडापासून होते. दोऱ्याचा एक फास, त्यात ६ मुके खांब. पुढच्या फेरीत १२, मग १८, मग २४. दर फेरीला ६ वाढवायचे. सहाच का? शाळेतलं वर्तुळ आठवा. त्रिज्या एकाने वाढली की परीघ दोन पाय इतका, म्हणजे सव्वासहाच्या आसपास वाढतो. आणि मुका खांब साधारण जितका रुंद तितकाच उंच असतो. उंच खांब घेतला तर सहाऐवजी बारा वाढवावे लागतात. बुडाएवढी चकती झाली की वाढवणं बंद करायचं. कड आपोआप वर वळते आणि नळकांडं तयार होतं. आत्याला पाय माहीत नाही. ती एवढंच म्हणते, "सहाने वाढव. कमी वाढवलंस तर वाटी होते, जास्त वाढवलंस तर झालर." या झालरीचा उपयोग अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना तायमिना यांनी १९९७ मध्ये करून घेतला. विद्यार्थ्यांना हायपरबोलिक भूमिती हातात धरून दाखवता यावी म्हणून त्यांनी ती चक्क क्रोशाने विणली.

आणि दारावरचं 'सुस्वागतम्'चं तोरण? चौकोनांची जाळी, काही चौकोन भरलेले, काही रिकामे. एक आणि शून्य! आपल्या आज्या बिटमॅप विणत होत्या आणि आपण त्याखालून दप्तर घेऊन शाळेत जात होतो. :-)

असो. आता इतिहास.

क्रोशे हा फ्रेंच शब्द, अर्थ लहान आकडा. कला प्राचीन वाटते, पण १८०० च्या आधीचा निःसंशय म्हणावा असा नमुना सापडत नाही. छापील नमुने १८२० च्या दशकात 'पेनेलोपे' नावाच्या डच मासिकात आले. तोवर हा बराचसा सुखवस्तू बायकांचा विरंगुळा होता. मग १८४५ मध्ये आयर्लंडमधल्या बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या काही वर्षांत भूक आणि साथींनी सुमारे दहा लाख माणसं मेली. तिथल्या कॉन्व्हेंटमधल्या जोगिणींनी बायका-मुलींना क्रोशा शिकवला. व्हेनिसची सुईने केलेली लेस फार महाग. तशीच दिसणारी लेस क्रोशाने कितीतरी लवकर होई. ती इंग्लंडच्या बाजारात विकली जाऊ लागली आणि कित्येक घरांत चूल पेटली. म्हणजे 'बसल्या बसल्या' करायच्या या कामाने दुष्काळात माणसं जगवली आहेत.

भारतात हा आकडा आला तो मुख्यतः मिशनऱ्यांबरोबर. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. तिथे १९व्या शतकाच्या मध्यात मिशनऱ्यांनी बायकांना लेस शिकवली आणि पुढे तिची निर्यात सुरू झाली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या बायकांवर लिहिलेलं पुस्तक १९८२ मध्ये आलं. त्यात दिसतं ते असं की बायका रोज सहा-आठ तास विणत होत्या, लेस परदेशी जात होती, व्यापारी श्रीमंत होत होते. पण विणणाऱ्यांची गणती कामगारांत होतच नव्हती. त्या 'गृहिणी', आणि हे त्यांचं 'फावल्या वेळातलं' काम! त्यामुळे मजुरीही फावल्या वेळाचीच. २०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं. पण मानांकन गावाच्या नावाला मिळतं, बोटांना नाही.

आपल्याकडे शिवण-विणकामाकडे स्वतःच्या पायावर उभं राहायचं साधन म्हणून पाहणारे लोक होते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात स्त्रियांना हातकामं शिकवली. पुण्यात १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनात रमाबाई रानड्यांनी शिवणाचे वर्ग चालवले, ते विधवा आणि गरजू स्त्रियांना चार पैसे मिळावेत म्हणूनच. पण मध्यमवर्गीय घरांत क्रोशा शिरला तो रुखवताच्या वाटेने. रुखवत म्हणजे मुळात वराकडे पाठवायचे खाद्यपदार्थ. त्यात पुढे तोरणं, टेबलक्लॉथ, मणी लावलेले जाळीचे रुमाल आणि बाटल्यांची कव्हरं येऊन बसली. 'सगळं मुलीने स्वतः केलंय हं!' हे वाक्य लग्नात एकदा म्हटलं गेलं की त्या कष्टांचा हिशोब संपला. ते मणीसुद्धा नुसते शोभेचे नव्हते, बरं का. त्यांच्या वजनाने रुमाल दुधाच्या भांड्यावर बसतो, वाऱ्याने उडत नाही, माशी आत जात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्वेटर यंत्रावर विणता येतो, लेसही होते, पण खरा क्रोशा आजही कारखान्यातल्या यंत्रांवर होत नाही. यंत्राची जाळी दिसायला तशी असते, वीण वेगळी असते. म्हणजे मॉलमध्ये सेलमध्ये लटकलेला खऱ्या क्रोशाचा टॉप कुणीतरी हातानेच विणलेला असतो. तो स्वस्त असेल तर तो वेळ स्वस्तात गेलेला असतो.

हे मी कुठल्या तोंडाने सांगतोय? आजी गेल्यावर आम्ही तिची ट्रंक उघडली. तीत क्रोशाचे पिवळट रुमाल होते, एक मोठं तोरण होतं, रेडिओचं कव्हर होतं. "आता कोण वापरतंय हे?" असं मीच म्हणालो. दारावर जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई आली होती, तिला सगळं देऊन टाकलं. एक स्टीलचं पातेलं मिळालं. पातेलं अजून आहे, चहाला वापरतो. तोरणावर नक्की काय विणलं होतं ते मात्र मला आठवत नाही. मोर होता की हत्ती? विचारायला आता कुणी उरलं नाही.

आणि इतिहासात या कलेचं नेमकं हेच झालं. दोरा कुजतो, विणणारी सही करत नाही आणि घरच्यांना ते काम वाटत नाही. मग १८०० च्या आधीचा नमुना सापडणार कसा?

रविवारी रात्री आत्याला फोन केला. म्हटलं, कव्हरच्या बुडाशी तुझं नाव विणून देशील का?

"बाटली तुझी, नाव माझं कशाला?" ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, "पुढच्या वेळी येताना घेऊन ये. आणि लोकर तूच आण, निळी पुरेशी आण."

निळी लोकर आणली आहे. ती विणेपर्यंत एका कागदावर तिचं पूर्ण नाव, हमरापूर, साल आणि 'चार संध्याकाळी' एवढं लिहून कागद कव्हरच्या आत बुडाशी ठेवलाय. ओला होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत.